गाळ्यातलं पुण्यस्मरण

तळवड्यात आमच्या घराखाली ओळीनं गाळे आहेत. एकात हार्डवेअर, एकात मेडिकल, एकात मोबाइल दुरुस्ती आणि टोकाच्या गाळ्यात जर्मन भाषेत लिहिणाऱ्या एका लेखकाचं संग्रहालय. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की समोरच्याचा चेहरा पुढे कसा बदलणार हे मला पाठ झालंय. आधी हसू येतं. मग ‘इथं?’ आणि माणूस आमच्या गावचाच असेल तर, ‘भाडं किती येतं?’ भाडं काहीच येत नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मी काही या गावची नाही. माझे वडील लातूरकडून पिंपरीला कंपनीत कामाला आले आणि माझं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. जर्मन शिकले ती नोकरी मिळते म्हणून. आजही पोटापाण्यासाठी मी मशिनरीच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते, आणि त्यात साहित्य म्हणावं असं काहीही नसतं. पण माझ्या जर्मनच्या बाईंनी मला या लेखकाचा नाद लावला. बाई तरुणपणी ज्या गावी शिकायला होत्या, तिथेच हा लेखक देशोधडीला लागून शेवटची वर्षं राहिला होता. बाई ज्या म्हातारीच्या घरी राहिल्या, ती त्याची मैत्रीण. तिनं त्याचं सामान जपलं होतं. टाइपरायटर, पुस्तकं, पत्रं, एक लोखंडी पेटी, आणि त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिनं स्वतः लिहिलेली आठवण. ते सगळं तिच्याकडून बाईंकडे आलं आणि बाई गेल्यावर माझ्याकडे. दवाखान्यात बाई मला एवढंच म्हणाल्या होत्या, “फोडू नकोस. सगळं एका जागी राहू दे.”

तोवर मी लग्न करून खोल्या भाड्यानं देणाऱ्यांच्या घरात आले होते. माझे सासरे, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, त्यांची शेती कंपन्यांत गेली, आणि उरल्या जागेवर त्यांनी गाळे काढले, मागं पत्र्याच्या खोल्यांची चाळ बांधली. आबांनी मला एका शब्दानं गाळा दिला. “रिकामाच हाय. ठेव तुझं सामान,” म्हणाले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट माणूस ठरवलं तर मला राग येईल.

संग्रहालयात मी कार्यक्रम करायची. अभिवाचन, पत्रांचं वाचन, एकदा मुलांची चित्रं. चिंचवडहून चार रसिक यायचे आणि चहा पिऊन, ‘फार वेगळा उपक्रम’ असं म्हणून जायचे. चाकणच्या कारखान्यातला एक जर्मन इंजिनिअर एकदा बायकोला घेऊन आला. त्यानं लेखकाचं नाव शाळेनंतर पहिल्यांदा ऐकलं होतं. मी हिरमुसले, पण कार्यक्रम थांबवले नाहीत. हट्टीपणा माझ्यात मुळातच आहे.

मग माझ्या धाकट्या दिराची नोकरी गेली. चाकणच्या कारखान्यात तो ज्या लाइनवर होता ती बंद झाली. त्याला टायरची एजन्सी मिळत होती, जागा हवी होती आणि रस्त्याला लागून असलेला टोकाचा गाळा त्याच्या डोळ्यासमोर होता. त्याची गरज खरी होती, त्यामुळे मला त्याच्याशी नीट भांडताही येईना. आबांनी जेवताना निकाल दिला.

“म्होरल्या कार्यक्रमाला माणसं आली तर ऱ्हाऊ दे. न्हाई आली, तर गाळा त्याला.”

माणसं म्हणजे त्यांच्या हिशेबात माणसं. चार रसिक नव्हेत. आणि गाळा गेला तर ते सामान ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. पुस्तकं एकीकडे, पत्रं दुसरीकडे, टाइपरायटर भंगारात, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पुढचा कार्यक्रम लेखकाच्या स्मृतिदिनाचा होता. गुरुवार धरला, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. म्हातारीनं लिहिलेली आठवण मी मराठीत आणली होती आणि ती पूर्ण वाचणार होते. पत्रिका मी छापली. पण फ्लेक्सचं काम दिरानं आपण होऊन अंगावर घेतलं, आणि दोन दिवस आधी चौकात तो फ्लेक्स बघून मी स्कूटरवरून पडायचीच बाकी होते. मधोमध हॅट घातलेला माझा लेखक, त्याच्याभोवती झेंडूच्या माळेची चौकट, खाली दोन समया. वर मोठ्या अक्षरांत ‘पुण्यस्मरण’. त्याखाली ‘जीवनचरित्र वाचन व महाप्रसाद’. आणि तळाला आबांपासून आमच्या शाळकरी पुतण्यापर्यंत घरातल्या सगळ्या पुरुषांचे हात जोडलेले फोटो.

मी घरी येऊन फाडफाड बोलले. दीर शांतपणे म्हणाला, “वहिनी, साहित्याला कोण येतं? पुण्यस्मरणाला माणूस येतोच. चुकवत न्हाई कुणी.”

“पण माणसं आली तर गाळा तुमच्या हातून जाईल, भाऊजी.”

“जाऊ दे की मग. पर आपल्या दारात मोकळ्या खुर्च्या नकोत.”

मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली.

खरी धास्ती सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी, वाचायचे कागद पुन्हा चाळताना. आता ऐकायला चिंचवडचे रसिक नव्हते. आमचा गाव येणार होता आणि मागच्या चाळीतले भाडेकरू येणार होते. आणि त्या आठवणीत शेवटाकडे एक पान होतं. लेखक आजारी पडतो, रात्रभर खोकतो, शेजारी कुरकुर करतात, आणि एके दिवशी घरमालक त्याचं सामान रस्त्यावर काढतो.

आमच्या चाळीत आदल्या वर्षी हेच झालं होतं. माझ्याच माहेरकडचं एक कुटुंब होतं, नवरा कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये. त्याला छातीचा आजार निघाला. औषधं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून सुरू होती, पण चाळीतले घाबरले, आबांकडे रोज येऊन बसू लागले. एका सकाळी आबांनी त्यांचं सामान बाहेर काढायला लावलं. मी कामावरून आले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. नंतर बायकांनी सांगितलं की खाट, मिक्सर, पोरांची दप्तरं, सगळं रस्त्याकडेला होतं आणि टेम्पो येईपर्यंत ती बाई गॅसच्या टाकीवर बसून होती, कुणाशी न बोलता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आबांच्या तोंडावर कुणी कधी विषय काढला नाही. आमच्या घरातही नाही.

नवऱ्याला मी पान दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घालून परत दिलं.

“हे सोड.”

“सोडू कसं? माणूस त्यातच गेला.”

“कुणाला कळणारे? जर्मन येतं का इथं कुणाला?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आबा कार्यक्रमाचे अध्यक्ष आहेत. भर लोकांत त्यांना असं ऐकवणार? उद्याच्या उद्या गाळा रिकामा होईल.”

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. माझ्या हातात इतकंच होतं. पान गाळलं तर संग्रहालय वाचेल आणि वाचलं तर जाईल. मी त्या पानाला वेगळी क्लिप लावली, म्हणजे ऐन वेळी उचलून मागं टाकता येईल.

गुरुवारी माणसं आली. इतकी की मंडप पुरेना, दिरानं शेजारच्या गाळ्यांपुढेही सतरंज्या अंथरल्या. पुरुष टोप्या घालून एका बाजूला, बायका डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्या बाजूला, आणि पार मागं चाळीतले सगळे, कडेवर पोरं घेऊन. गाळ्याचं शटर वर, आत काचेमागं टाइपरायटर आणि पेटी. बाहेर टेबलावर लेखकाचा फोटो आणि बाजूला आबांची एकट्याची खुर्ची. आबांनी फोटोला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मनापासून हात जोडले. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात, तशी ती गेलेलीच होती. जनरेटर लावला होता, आणि त्याच्याशेजारी उभा राहून नवरा माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी वाचायला लागले. मला वाटलं होतं, चुळबुळ होईल. झाली नाही. ही माणसं मेलेल्याबद्दल ऐकायला आली होती आणि ते काम त्यांना येतं. लेखकाला गाव सोडावं लागलं तिथं बायकांनी च्‌ च्‌ केलं. आई मागं राहिली तिथं एका आजीनं डोळ्याला पदर लावला. परक्या गावात कामासाठी दारोदार फिरला तिथं मागच्या सतरंज्यांवर माना हलल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण कागद उलटतील तशी ती क्लिप जवळ येत होती. आजारपण आलं. खोकला आला. आबा खुर्चीत पुढं वाकून ऐकत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

क्लिप बोटाला लागली. मी थांबले. सरळ सांगते, मला भीती वाटत होती. गाळ्याची वाटत होती, आणि त्याहून जास्त आबांची, कारण त्यांनी मला कधी एक शब्द वाकडा बोललेला नव्हता. नवऱ्यानं मान हलवली, नको म्हणून. मी समोर पाहिलं. मागची माणसं वाट बघत होती, पुढं काय झालं म्हणून. माझ्या वडिलांसारखे कामासाठी आलेले लोक, माझ्या आईसारख्या बायका. यांना या माणसाचं मरण अर्धवट सांगायचं? मला एकदम संताप आला. कुणाचा, ते नाही सांगता येत. मी क्लिप काढली आणि वाचलं.

आधी खाट बाहेर आली, मग पेटी, मग टाइपरायटर, मग कागदांचे गठ्ठे. लेखकानं आतली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि सामानाच्या मधोमध मांडून तो बसला, अंगावर कांबळं, डोक्यावर हॅट. जाणारे-येणारे त्याला नमस्कार करत होते आणि तोही उलट नमस्कार करत होता. पुढं महिनाभरानं तो गेला.

वाचून संपलं. कुणीही आबांकडे पाहत नव्हतं. इतकी माणसं, आणि सगळी खाली बघत होती. मलाही मान वर करवेना.

बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला. “मंग त्या सामानाचं काय झालं गं, बाई?”

साधा प्रश्न होता आणि उत्तर माझ्या पाठीमागंच होतं. “जिनं हे लिहिलं तिनं हातगाडी आणून सगळं गोळा केलं, आजी. हेच ते सामान.”

सगळ्यांच्या माना गाळ्याकडे वळल्या. आबांचीही. ते उठले. अध्यक्षांचं भाषण व्हायचं होतं. दिरानं माइक त्यांच्या हातात दिला. ते त्या पेटीकडे बघत उभे राहिले. मग माइक बाजूला धरून त्यांनी मला विचारलं, पण पहिल्या दोन ओळींना ऐकू गेलंच.

“त्या घरमालकाचं नाव काय?”

“नाव कुठंच लिहिलेलं नाही, आबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि खाली बसले.

भाषण झालं नाही. दिरानं घाईनं पंगती बसवल्या. मसालेभात, मटकीची उसळ, बुंदी. माणसं नेहमीसारखी जेवली, नेहमीपेक्षा हळू आवाजात. आबा जेवले नाहीत, पित्त झालंय म्हणाले.

संध्याकाळी मंडपवाला खांब काढत होता. मी गाळ्यात टाइपरायटर पुसत बसले होते. मनातल्या मनात खोकी कुठून आणायची ते ठरवत होते. आबा आले, मागोमाग दीर. आबा गाळ्याच्या उंबऱ्याशीच थांबले.

दीरच आधी बोलला. “आबा, माणसं तर आली. शब्द म्हणजे शब्द.”

“आमी कुठं न्हाई म्हनलं?” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे गाळा. तुझ्या टायरला दुसरं बघू.” मग माझ्याकडे न बघता, “पर ते पान म्होरल्या वर्षी वाचायचं न्हाई.”

मी हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. गाळा राहिला होता, बाईंचा शब्द राहिला होता. घरात सून म्हणून मी कितीतरी गोष्टींना हो म्हणत आले आहे.

“वाचावं लागेल, आबा,” मी म्हणाले.

दिरानं जीभ चावली. बाहेर मंडपवाला आबांची ती एकटी खुर्ची उचलून टेम्पोत टाकत होता, तिकडे त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता संपलं.

“वाच मंग,” ते म्हणाले. “पर मी खुर्चीत न्हाई बसायचो. मागं बसंन, चाळीतल्यांत. सतरंजीवर.”

आणि भिंतीला हात लावत, जिना चढून वर गेले.