भवानीचं गिऱ्हाईक

दिवाळीच्या हंगामात साडीच्या दुकानात काम केलेल्या माणसाला नरकाची भीती घालू नये. तो उलट विचारेल, तिथे येणाऱ्यांना हसून पाणी द्यावं लागतं का? नसेल लागत तर जागा बरी म्हणायची.

मी भिवंडीत मंडईजवळच्या एका साडीच्या दुकानात लागले ती हंगामापुरती. त्या वर्षांत ईद आणि दिवाळी पाठोपाठ येत होत्या. त्यामुळे सगळ्या शहराला एकाच वेळी नवे कपडे हवे होते आणि सगळ्यांना ते जवळजवळ फुकट हवे होते. आमचं गाव पडघ्यापासून आत. मी सकाळी भाताची कापणी घरच्यांवर टाकून जीपमध्ये बसायचे. कापणी चुकते हा या नोकरीचा पहिला फायदा होता.

दुसरा फायदा मोठा होता. बारावी झाली तशी वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला काढली होती. मला पुढे शिकायचं होतं. आरडाओरडा, उपास, रुसवे असं सगळं झाल्यावर आमच्यात तह झाला. वडील म्हणाले, "शेठनं दिवालीनंतर पक्की ठेवली तर वरीसभर स्थलाचं नाव काडणार न्हाय. न्हाय ठेवली तर गपगुमान उभी ऱ्हायाचं." उभं राहायचं म्हणजे पाहुण्यांसमोर. इकडे शेठनं हंगामासाठी दोघींना घेतलं होतं, मला आणि काल्हेरच्या एका मुलीला, आणि दिवाळीनंतर एकीलाच ठेवणार हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणजे माझं एक अख्खं वर्ष गिऱ्हाइकांच्या मर्जीवर टांगलेलं. गिऱ्हाइकं काहीही बोलली तरी मी हसायचे. जबडा दुखायचा, पण हसायचे.

आणि ती बोलायची. स्वतःच्या शेडमध्ये रात्रंदिवस कापडाचे लूम खटखटत असलेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, "भिवंडीचा माल नको हां, बाहरका दिखाव." त्यांचंच कोरं कापड बाहेर जाऊन रंगून, छापून परत आमच्या कपाटात आलं असेल अशी मला दाट शंका होती, पण मी मान डोलावली. दुसऱ्या एक बाई साडी हातात घेऊन वास घ्यायच्या. कशाचा, ते त्यांनाच माहीत. आणि सगळ्यांचा एका गोष्टीवर मात्र गाढ विश्वास होता, की चांगला माल आम्ही आत लपवून ठेवतो. "आतला माल दाखवा" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी नाकारलेल्यातल्याच दोन साड्या उचलून आत जायचे, मटक्यातलं पाणी प्यायचे आणि त्याच साड्या नव्यानं घडी करून बाहेर आणायचे. "हे बघा, असं काहीतरी दाखवायचं सोडून!" असं मला ऐकवून लोक त्या घेऊन जायचे. दुकानाच्या आत मटका, शेठचा डबा आणि एक मोडका पंखा सोडून काही नव्हतं.

उरलेले जाताना एकच वाक्य बोलायचे. "घरी विचारून सांगतो." पन्नास साड्या उलगडून झाल्यावर. हे वाक्य बोललेलं गिऱ्हाईक पुन्हा कधी दिसत नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले.

शेठ तसा भला माणूस, पण त्याचा एक देव होता. भवानी. म्हणजे दिवसाची पहिली विक्री. शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की पहिलं गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच गेलं पाहिजे. ते रिकाम्या हाती गेलं तर दिवस बुडाला. आणि भवानी होईपर्यंत दुसऱ्या कुणाचंही बिल फाडायचं नाही, मग तो माणूस नोटा हातात धरून का उभा असेना. माझ्या हाताला यश आहे असं शेठला पहिल्याच दिवशी वाटलं, म्हणून सकाळचं पहिलं गिऱ्हाईक माझ्याकडे. मोठा मान होता. भवानीच्या गिऱ्हाइकाला कुणी उलटून बोलू शकत नाही, आणि ही गोष्ट भिवंडीच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत असते.

त्या बाईंना तर फारच चांगली माहीत होती.

दिवाळीच्या आधी आठवडाभर त्या पहिल्यांदा आल्या. शटर अर्धं वर गेलं असेल नसेल, बाहेर पांढरी सुमो उभी. खाडीकडच्या गावातल्या असाव्यात. जमिनी गोडाऊनला गेल्या आणि अंगावर सोनं आलं, असा एकूण थाट. बरोबर त्यांची बहीण, जी काही बोलायची नाही, फक्त मान हलवायची. बाई गादीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "काय गो पोरी, दाखव. पन चांगलं दाखव, मना फसवू नको."

मी दाखवलं. त्यांनी साड्यांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघितलं. मला वाटलं, चोरटी समजतात की काय. "तुज्या आंगावर लाव बघू." लावली. "सरल उभी ऱ्हा. वाकू नको." राहिले. "जरा चालून दाखव, पदर कसा पडतंय बघू दे." गादीवर चार पावलं गेले, वळले, आले. "ह्यो रंग तुला न्हाय शोभत. सावली हायस." साडी मला घ्यायची नव्हती हे सांगायचं जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मग सगळ्या साड्या बाजूला सारून त्या एक साधा फॉल घेऊन उठल्या. "साडीचं घरी विचारून सांगते." फॉल तर फॉल, भवानी झाली. शेठनं पैसे डोळ्यांना लावले आणि मी साड्यांच्या डोंगराच्या घड्या घालायला बसले.

एकदाच झालं असतं तर मी विसरले असते. पण दोन दिवसांनी सुमो पुन्हा हजर. "घरी विचारून सांगते" म्हणून खरोखर परत आलेलं जगातलं हे पहिलं गिऱ्हाईक. पुन्हा तेच. लाव, वळ, चाल. मधेच चौकशा. कंच्या गावची गो तू? घरात कोन कोन हाय? भाकरी जमते का? तांदलाची, ज्वारीची न्हाय. साडी घेण्याआधी विकणारीच्या भाकरीची चौकशी करणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. मी सगळ्याची उत्तरं दिली. हसून. त्या दिवशी परकराची नाडी घेतली. काल्हेरची मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही लग्नाचा बस्ता बांदंल तवा तुजा मुडदाच पडंल." मी म्हटलं, पडू दे, पण दिवाळीनंतर पडू दे.

धनत्रयोदशीला मात्र कहर झाला. शेठसाठी वर्षातली सगळ्यात मोठी सकाळ. त्यानं गल्ल्याला हार घातला होता. शटर वर गेलं आणि पहिलं पाऊल कुणाचं पडावं? त्यांचंच. मागोमाग गर्दी. कपाटं रिकामी झाली, गादी दिसेनाशी झाली, बाहेर बायका उभ्या राहिल्या, एक माणूस तर पैसे मोजून हातात धरून ओरडत होता, "अरे भाई, मेरा बिल तो बनाओ." शेठ हात जोडून म्हणायचा, "दोन मिनिटं, भवानी होऊ द्या." आणि बाई निवांत. मला परत उभी केली. भरल्या दुकानात. माझा हात धरून उलटा केला, तळवा बघितला आणि बहिणीला म्हणाल्या, "हात खरखरीत हायती गो." बहिणीनं मान हलवली. गर्दीतलं कोणीतरी हसलं.

मी कळवळून म्हटलं, "काकी, फॉल तरी घ्या." त्या म्हणाल्या, "आज काय नको. बघू." आणि पाणी मागितलं.

शेठचा चेहरा पांढराफटक. तो माझ्याकडे बघत होता, जणू बाईंना मीच रिकाम्या हाती बसवून ठेवलं होतं. माझी नोकरी त्या पाण्याच्या ग्लासाबरोबर घोट घोट संपताना मला दिसत होती. आणि मग माझं डोकं फिरलं. मी उठले, खालच्या फळीवरचा एक पांढरा रुमाल घेतला, माझ्या पर्समधून पैसे काढले आणि शेठच्या हातावर ठेवले. "शेठ, हे पहिलं गिऱ्हाईक. भवानी करा." मग गादीकडे वळले. "काकी, आता तुम्ही मोकळ्या आणि आम्हीपण मोकळे. घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर मागच्यांना बसायला जागा द्या."

शेठ त्या पैशांकडे बघत राहिला. नोकरानं केलेली भवानी देवाला चालते का, याचा विचार करत असणार. बाहेरच्या माणसानं पुन्हा "भाई" म्हटलं, तेव्हा शेठनं पैसे डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकले. बाई उठल्या. मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि बहिणीला म्हणाल्या, "तोंड हाय पोरीला." त्या गेल्यावर मी दुपारपर्यंत मान वर न करता साड्या उलगडत होते.

त्या दिवशी धंदा एवढा झाला की शेठला रुमालाचा चमत्कार पटला. पाडव्याला मुहूर्तापुरतं दुकान उघडलं तेव्हा त्यानं मला पेढा दिला आणि म्हणाला, "तू पक्की. मात्र जीभ जरा आवर." काल्हेरच्या मुलीला राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. मला वाईट वाटलं, पण खोके उलटून बोलत नाहीत, तेव्हा तिचं माझ्यापेक्षा बरंच चाललं असेल.

मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली आणि वडील उठून बाहेर गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुकानाच्या पहिल्याच सुट्टीला मी दुपारी झोपले होते, तर आईनं हलवून उठवलं. "ऊठ, साडी नेस. पावनं आलेत." मी वडिलांकडे धावले. तह काय ठरला होता? ते मान खाली घालून म्हणाले, "पयलं स्थल हाय. दारात आलेलं रिकाम्या हाती कसं धाडायचं?"

मी अंगणात बघितलं. पांढरी सुमो उभी होती.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी आत गेले. बाई आमच्या घरातल्या सतरंजीवर तशाच ऐसपैस बसल्या होत्या. शेजारी बहीण, तिच्या शेजारी मुलगा, जो पोह्यांकडे बघत होता. त्या भाकरीच्या चौकशा, ते वळणं, चालणं, तो तळवा, सगळं माझ्या डोक्यात एकदम उजेडात आलं. आठवडाभर मी साड्या दाखवत होते आणि माल मीच होते. संताप आला. "सरल उभी ऱ्हा जरा," बाई म्हणाल्या. मी ट्रे खाली ठेवला आणि दुकानातल्या आवाजात म्हटलं, "काकी, उभी राहून, वळून, चालून झालंय. हातही बघून झालाय. आतला माल आमच्याकडे नाही. हाय तो ह्योच."

आईनं तोंडावर पदर धरला. बाईंनी पोहे संपवले, पाणी प्यायल्या आणि उठताना वडिलांना म्हणाल्या, "घरी इचारून सांगते."

वडील खूश झाले. मला मात्र झोप नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी निश्चिंत झाले असते, पण हे वाक्य बोलून परत येणारं एकच गिऱ्हाईक होतं आणि ते हेच. पंधरा दिवस जीप सोडून कुठलीही गाडी दारात थांबली की मी खिडकीशी धावायचे. शेवटी मध्यस्थानं निरोप आणला. पोरगी कामाची हाय, पन सासूच्या घरात दोन तोंडं नकोत. मी देवापुढे साखर ठेवली. आणि खरं सांगायचं तर रागही आला. आपल्याला नको असलेल्या गिऱ्हाइकानं नको म्हटलं, तरी टोचतंच.

जून उजाडला तसं मी बाहेरून परीक्षा देण्यासाठी कॉलेजात नाव घातलं. पुढच्या दिवाळीला मी पक्की होते, हातात नवं घड्याळ होतं आणि भवानी माझीच होती. धनत्रयोदशीच्या सकाळी शटर वर गेलं, तर बाहेर पांढरी सुमो.

या वेळी बहिणीच्या जागी सून होती. माझ्याच वयाची, हळदीचा पिवळेपणा नुकता गेलेली. बाईंनी मला ओळखलं की नाही, त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी साड्या सुनेच्या खांद्यावर टाकल्या. "सरल उभी ऱ्हा. ह्यो रंग न्हाय शोभत हिला." सून उभी राहिली, वळली, चालली. चेहऱ्यावर तेच हसू, जे मी मागच्या वर्षी जबडा दुखेपर्यंत धरून ठेवलं होतं. तिचा जबडा दुखत असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

मला मागच्या वर्षीचं सगळं बोलून दाखवायचं होतं. घोकून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. मी नाकारलेल्या ढिगातून दोन साड्या उचलल्या, आत गेले, पाणी प्यायले, परत आले आणि त्या बाईंपुढे न टाकता सुनेच्या मांडीवर ठेवल्या. "वहिनी, तुम्हाला यातली कुठली आवडली?"

तिनं दोन्ही साड्यांवरून हात फिरवला. जांभळीवर तो जरा जास्त वेळ राहिला. मग तिनं हात काढून घेतला.

"इचारून सांगते," ती म्हणाली.

सासू तिच्या शेजारीच बसली होती.