मिरचीच्या गल्लीतला गूळ

नंदुरबारला बदलीवर आलो, तेव्हा मिरची वाळवायच्या पथारीमागे मजुरांच्या वस्तीत खोली मिळाली. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी लाल ढिगासमोर बसून मिरच्यांचे देठ खुडत असायची. पहिल्याच दिवशी तिथे मला लागोपाठ सात शिंका आल्या. ती खळखळून हसली आणि तिखट हात लागू नये म्हणून गुळाची डबी कोपराने माझ्याकडे सरकवली.

"ले भाऊ. पह्यले आठे निस्ती मिरची व्हती, मानसे मांगेथून उनात."

आधी मिरची आली, माणसं मागाहून; वस्तीचा इतिहास तिने एवढ्यातच आटोपला. देठ खुडायला आलेल्यांनीच इथे घरं बांधली होती.

मग रोज शिंका आणि रोज गूळ. महिन्याभराने एकदा मी न शिंकता उभा राहिलो, तर डबी हललीच नाही.

"आते तू आठलाच व्हई गया. हाऊ गूळ पाव्हनासना शे."

मी इथलाच झालो म्हणून पाहुण्यांचा गूळ बंद झाल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! एकदा खोटी शिंकही काढून पाहिली. तिने मानसुद्धा वर केली नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी तिच्याशेजारी बसून मीही देठ खुडू लागलो.

परवा एक नवा भाडेकरू गल्लीत शिरताच शिंकला, आणि माझं कोपर आपोआप डबीकडे गेलं.