पेन्सिलीतल्या नोंदी

बहीजाला त्या सकाळी एका जागी बसवत नव्हतं. आठ वाजता आमच्या ग्रंथालयाची सूची इंटरनेटवर चढली होती, आणि ही बाई खिडकीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून खिडकीपर्यंत. मी म्हटलं, “अगं, टेक की जरा! पोरीचं लग्न आहे का तुझ्या?” तर म्हणे, “मोन्जिया, काहीतरी राहिलंय बघ.” तिला कायम काहीतरी राहिल्यासारखंच वाटायचं. अर्ध्या वाटेतून परत यायची, लावलेलं कुलूप ओढून बघायला.

बावीस वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. मुख्य ग्रंथपाल ती, पण टेबलावर कमी आणि शिडीवर जास्त. बंदरावर जाळी विणणाऱ्याची लेक. आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं तिला जमायचंच नाही, आणि कुणाला काय हवंय हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. डोक्यात मावलं नाही ते कार्डावर.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, काउंटरच्या आतल्या खणात, वाचकाचा हात पोचणार नाही असं. शाईत लिहायचं ते पुस्तकाबद्दल. खाली पेन्सिलीनं बारीक लिहायचं ते आमच्यापुरतं. ‘औषधवाल्याला देऊ नये, पानांवर हरिसाची चटणी सांडतो.’ ‘मुख्याध्यापकांनी शेवटचं पान फाडलं, नाही म्हणतात.’ अशा शेकडो नोंदी, निम्म्या माझ्याच हातच्या.

संगणकाचं काम सूस शहरातल्या वजदीकडे. पोरगा वाईट नाही, पण बोलायला लागला की आपण काल जन्माला आलोय असं वाटायचं. दोन महिने त्याची नि बहीजाची रोज जुंपायची. तो बाईमाणसाला मानानं ‘लल्ला’ म्हणणारा; म्हणायचा, “लल्ला, थोडं कमी केलं तर पान सुटसुटीत दिसेल.” ही म्हणायची, “कार्डावरचा एक शब्द गाळलास तर याद राख!” मग त्यानंही हट्टाला पेटून एकही शब्द गाळला नाही. कार्डांची खोकी सूसला गेली, तिथं दोन मुलींनी सगळं टाइप केलं. शाई काय नि पेन्सिल काय, पडद्यावर सगळं एकाच काळ्या अक्षरात. त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. ग्रंथालयातल्या माणसाला हे कधी सांगावं लागतं का?

साडेनऊला माझ्या बहिणीचा फोन. हसून हसून तिला बोलता येईना. “अगं, मुख्याध्यापकांनी पान फाडलं म्हणे!” मी सूची उघडली आणि, देव मला माफ करो, आधी मीही हसले. बहीजा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“सी हमादी,” ती म्हणाली.

माझं हसू तिथंच जिरलं. सी हमादी, हा ‘सी’ मानाचा, म्हणजे बंदरावरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक, साठीचा माणूस. तीस वर्षं गिऱ्हाइकं त्याच्यासमोर पेपर वाचायची आणि हा मान डोलवायचा, कारण त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. दोन्ही मुली शिक्षिका, त्यांनाही पत्ता नाही. चार हिवाळे बहीजानं त्याला मागच्या खोलीत शिकवलं. कुणाला कळू देणार नाही म्हणून आईची शपथ घेतली होती तिनं. आणि बालवाचनाच्या पुस्तकाच्या कार्डावर माझ्यासाठी त्याच्या शिकवणीचं लिहून ठेवलं होतं, तिच्या सुट्टीत मी दार उघडावं म्हणून.

तिनं वजदीला फोन लावला. “बंद कर सगळं!”

“लल्ला, काय बोलताय! अकराला गव्हर्नर साहेब येऊन उद्घाटनाचं बटण दाबणार. बंद करायला राजधानीचं, ट्यूनिसचं पत्र लागतं.”

“पत्र गेलं खड्ड्यात! इथं माणसाची अब्रू चाललीय!” मग तिनं पेन्सिलीचं सांगितलं.

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू का नाही विचारलंस?”

“मला काय माहीत विचारायचं असतं ते!” तो ओरडला. मग हळू म्हणाला, “बंद करतो. नोकरी गेली तर तुमच्याकडे जेवायला येईन.”

मी त्याला दोन महिने मनातून शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या मी तिथल्या तिथे परत घेतल्या.

बहीजा चप्पल अर्धवट घालूनच पळत सुटली. मी मागे धापा टाकत. दुकानात हशा चालला होता. एकेकाच्या फोनवरचं पान तेवढ्यात गेलं होतं, “अरे, गेलं की!” म्हणून ओरड चाललेली. फक्त सी हमादीच्या धाकट्या जावयाच्या फोनवर ते आधीपासून उघडं होतं, आणि तो फोन सी हमादीच्या हातात होता. आवाज मोठा, म्हणून त्यालाच वाचायला बसवलेलं. हरिसाची नोंद वाचून झाली, औषधवाला कानशिलापर्यंत लाल.

पुढच्या ओळीला सी हमादी थांबला.

“काय झालं, बाबा? वाचा की,” जावई म्हणाला.

त्यानं वर पाहिलं. दारात बहीजा उभी. तिनं मान हलवली, वाचू नका, पुढं जा. जाता आलं असतं त्याला. दुसऱ्या कुणाकडे ते पान उरलं नव्हतं.

त्यानं चष्मा नीट केला आणि वाचलं. “सी हमादीसाठी. मंगळवारी तीन वाजता, मागची खोली. वाचता येत नाही. मुलींना कळू नये.” खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता.

कुणी हसलं नाही. जावई खाली बघत राहिला. सी हमादीनं फोन त्याच्या हातात दिला, उठला आणि आमच्याकडे आला. मला वाटलं, आता हात उगारतोय की काय.

“लल्ला,” तो हळूच म्हणाला, “आईची शपथ घेतली होतीत ना तुम्ही?”

“हो,” बहीजा म्हणाली. “आणि मीच लिहून ठेवलं.”