अनसाक्का जेवायला बसते

२०११ साल. माझ्या सुनेला, प्रणोतीला, बँकेने बढतीआधीच्या प्रशिक्षणासाठी दीड महिना हैदराबादला पाठवलं होतं आणि चार वर्षांची स्वरदा सांगलीला माझ्याकडे राहिली होती. पोर गोड, पण जेवणाच्या नावाने शंख. वरणातली मोहरी वेचायची, भातात हिरवं दिसलं की तोंड मिटायची, पोळीची कडा नको, दुधावर साय दिसताही कामा नये. मी काऊ-चिऊ केलं, गच्चीवर नेलं, वाटी घेऊन तिच्यामागे जिने चढले-उतरले. तिची हाडं दिसू लागली, तसा माझा मुलगा मिलिंद फोनवर म्हणाला की आई, तुला झेपत नसेल तर प्रणोतीला परत बोलावतो. ती आली असती, आणि बढती गेली असती. न खाल्लेल्या भातापायी तिची इतक्या वर्षांची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येतं आहे. स्वरदा माझ्या कुशीत झोपली आहे, आजही उपाशीच. खाली भंगारवाला ओरडतो आहे, आधी जवळून, मग लांबून, मग पाण्याखालून ओरडल्यासारखा. माझे डोळे मिटलेत की उघडे आहेत, मला कळत नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापतं आहे.

मी उठून जाते. ओट्यापाशी अनसाक्का उभी आहे, माझी थोरली जाऊ. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. इरकली लुगडं, बांगड्या कोपराकडे सारलेल्या. मला नवल वाटत नाही. तुला तर गॅसची भीती वाटायची, एवढंच मी विचारते. मेल्यावर कसली भीती, असं म्हणून ती भाकरी तव्यावर टाकते.

“नात जेवत न्हाई म्हनं तुझी.”

मी तिला सगळं सांगते. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, भाताचे मोदकासारखे मुटके करून झाले. ती पूर्वीसारखीच नुसतं हुं हुं करते. मग म्हणते, मला भरवून दाखव.

मी ताट घेते. ओटा लांबत जातो, आणि आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेलो असतो, जिथे गेल्या आठवड्यात मी स्वरदाला आणलं होतं. बाकांवर पेशंट नाहीत. नंबर लागायची वाट बघत नुसती झाकलेली ताटं बसली आहेत. मी अक्कासमोर गुडघ्यांवर बसते, घास तिच्या ओठांशी नेते, तिच्या तोंडाकडे बघत राहते. तिचं तोंड मिटलेलं. घास माझ्या हातात गार होतो.

“ह्ये भरवनं न्हवं, हिरे. ह्यो निवद हाय. ताट म्होरं ठेवायचं, पानी फिरवायचं आनि बगत बसायचं. देवानं तरी कवा घास उचललाय का?”

मला हसू येतं आणि मनाला लागतंही. मग काय करू, असं मी विचारते.

“तू कवा जेवतीस?”

“ती जेवल्यावर.”

“ती जेवतच न्हाई की.”

“मग उशिरा. ओट्यापाशी, उभ्यानेच.”

“म्हंजे पोरीनं तुला जेवताना कंदी बगितलंच न्हाई.”

सासरी बायकांची पंगत शेवटची असायची. आता घरात वाढायला कुणी पुरुष नाही, सासू नाही, तरी मी आपली सगळ्यांच्या मागून जेवते आहे, एका चार वर्षांच्या पोरीच्याही मागून.

कंपाउंडर दार उघडतो तर बाहेर आमचा मळा. तण काढायला आलेल्या भांगलणीच्या बायका बाभळीखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या आहेत, पोरं भोवती मातीत खेळत आहेत. त्यांना कुणी हाक मारत नाही. अक्का मांडी घालून बसते, भाकरी मोडते, कारळ्याच्या चटणीवर तेल ओतते आणि जेवू लागते. माझ्याकडे बघतही नाही. मी शेजारी बसते. मी म्हातारी आहे की परकरातली पोर, मला सांगता येत नाही. फक्त भूक लागली आहे, खरीखुरी. मी तिच्या भाकरीचा तुकडा मोडते. ती जरा सरकून मला जागा करून देते, एवढंच.

ताट रिकामं होऊ लागतं तसं मला भरून येतं. मी म्हणते, “अक्का, थांब की जरा.”

“जेवून झालं की उठायचं असतं,” ती म्हणते, आणि हात धुवायला पाटाच्या पाण्याकडे चालू लागते.

“आज्जी, तू काय खातेस?”

स्वरदा उठून बसली होती आणि माझ्या गालाला बोट लावून बघत होती. मी झोपेत चावत होते म्हणे. दाढेच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. जिभेने काढून बोटावर घेतलं, तर कारळ्याचा एक काळा दाणा. अक्का गेल्यापासून माझ्या घरात कारळे आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी भाकरी केली, खाली बसले आणि एकटीच जेवू लागले. तिला बोलावलं नाही. आधी ती दारात उभी राहिली, मग पाठीला टेकली, मग हळूच पापुद्रा उचलला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मान वळवायची नाही, हे फार अवघड गेलं. चतकोर भाकरी संपली. मिलिंदला मी त्या रात्री सांगितलं की कुणाला बोलावू नकोस.

प्रणोतीने प्रशिक्षण पुरं केलं. आज ती नाशिकला शाखाप्रमुख आहे. मिलिंद रविवारी स्वयंपाक करतो आणि मीठ विसरतो. आमच्या मळ्यातून बायपास गेला, बाभूळही गेली, आणि अक्का पुन्हा माझ्या स्वप्नात आली नाही. स्वरदा अठरा वर्षांची आहे. वांगं अजून खात नाही. नको खाऊ दे. माझे दात पडले, आता भाकरी दुधात कुस्करून खाते. परवा सुट्टीत आली तेव्हा ती हातातला घास तसाच धरून माझ्या वाटीकडे टक लावून बसली. आज्जी, एवढंच जेवतेस?

मी म्हटलं, “माझ्याकडे बघू नकोस. तुझी भाकरी गार होतेय.”