सोळावा अल्बम

आमच्या वृत्तपत्राचे नांदेडचे कार्यालय नव्या इमारतीत हलवताना एका लोखंडी कपाटाच्या तळाशी दोन कॅसेट सापडल्या. दोन्हींवर 'अभिप्रायासाठी' असा शिक्का होता. एक उघडलेली होती, दुसरीचे वेष्टनही निघाले नव्हते. त्या लातूरच्या एका गिटारवादकाच्या होत्या. कॉलेजच्या दिवसांत त्यांचा रॉक बँड लातूर-नांदेडच्या स्नेहसंमेलनांत गाजला होता. पुढे त्यांनी बँड सोडला आणि एकट्याने हे दोन अल्बम केले. ते कोणी ऐकले नाहीत. त्याला काही अंशी मी कारण होतो.

पहिल्या अल्बमची बातमी लातूरच्या वार्ताहराने हाताने लिहून पाठवली होती. त्यात 'सोलो अल्बम' असे शब्द होते. मी डेस्कवर नवा होतो. आमच्याकडे सोळाला सर्रास 'सोला' म्हणतात आणि तालुक्यांहून आलेल्या मजकुरातले असे शब्द शुद्ध करणे हे माझे काम होते. 'सोलो' हाही त्यातलाच 'सोला' समजून मी शुद्ध केला. दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'लातूरच्या गिटारवादकाचा सोळावा अल्बम'. चूक लक्षात आली, पण तक्रार कोणाची आली नाही, म्हणून खुलासाही छापला नाही.

भोकरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून टेपरेकॉर्डर मिळवला आणि एका रविवारी दुपारी उघडलेली कॅसेट लावली. गिटारच्या खाली एक अखंड घरघर होती. आधी यंत्राचा दोष वाटला. मग कव्हरच्या आत बारीक अक्षरांत सापडले: 'ध्वनिमुद्रण आमच्या डाळ मिलच्या गोदामात. मिल चालू.' गिटार त्या घरघरीच्याच सुरात लावलेली होती. मी ती मिल कधी पाहिली नव्हती, तरी पाहत होतो. तिरप्या उन्हात तुरीच्या टरफलांची पिवळी धूळ तरंगत होती, आणि सूर तिच्यासारखेच वर जाऊन, वेळ घेऊन, पोत्यांवर बसत होते. बाजू संपली तेव्हा खिडकीतले ऊन फरशीवरून भिंतीवर चढले होते. मधला वेळ कुठे गेला ते सांगता येत नाही.

दुसरी कॅसेट मी उघडली नाही. लातूरला फोन लावला. गिटारवादकाच्या पत्नीने घेतला. कॅसेट सापडल्याचे मी सांगितले.

"फोनवर ऐकू येत न्हाई त्यांला. उजवा कान गेला, डावाबी चाललाय. अन् घरात एकबी कॅसेट न्हाई. दुकानातून गठ्ठे परत आले तवा ह्यांनीच बंबात घातले, पाणी तापवायला. तुम्ही या. लवकर या."

दोनच दिवसांनी मी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला गेलो.

"शरणार्थ, अप्पा," मी हात जोडून त्यांच्या डाव्या कानाशी मोठ्याने म्हणालो आणि आधी 'सोळावा'ची गोष्ट सांगून टाकली.

ते पलंगावर उठून बसले. "म्हंजे तो शाना तुम्हीच व्हय? दुकानदार म्हणायचा, अप्पा, गिऱ्हाईक आधीचे पंधरा मागतंय, कुठून देऊ?" मग आत वळून ओरडले, "अगं, च्या टाक! पंधरा अल्बम गिळलेला मानूस आलाय."

मी दुसरी कॅसेट समोर ठेवली. पारदर्शक वेष्टनातून फितीवर बुरशी दिसत होती. नांदेडला एक जण अशा फिती साफ करून संगणकावर घेतो, पंधरवडा लागेल, आत्ता लावली तर तुटू शकेल, असे मी सांगितले.

"पंधरा दिसांनी कान राहतो का न्हाई, कुनी सांगावं?"

"अन् तुटली तर?" पत्नीने विचारले.

"तुटली तर तुटंल. माझीच हाय." त्यांनी वेष्टन दाताने फाडले.

कॅसेट लावून त्यांनी डावा गाल टेपरेकॉर्डरला टेकवला. तीच घरघर सुरू झाली, या वेळी जरा खालच्या सुरात. त्यांची बोटे पलंगाच्या कडेवर चालू लागली, गिटारच्या किंचित पुढे. फीत मधूनच थरथरायची, सूर पाण्याखाली गेल्यासारखा वाकायचा आणि पुन्हा वर यायचा. मग घरघर उतरत उतरत बंद झाली. गिटार एकटीच उरली, थोडी गोंधळली, आणि पुढे चालू लागली.

"लाइट गेली व्हती," ते डोळे न उघडता म्हणाले. "टेप सेलवर होता. मी थांबलोच न्हाई. मिलच्या सुरावाचून पयल्यांदाच वाजवत व्हतो. ध्यानातच न्हवतं बगा."

"ऐकू येतंय न्हवं?" पत्नीने त्यांच्या खांद्याला हात लावून विचारले.

त्यांनी मान न उचलता हात वर करून तिला गप्प केले.