इंजिन सोलणारी मंडळी

'कट्' असा बारीकसा आवाज झाला होता. फार वर्षांपूर्वी. इस्माईलभाईंनी खेळातल्या आगगाडीच्या छोट्या इंजिनाची प्लॅस्टिकची बॉडी ओढली आणि आतली क्लिप तुटली. तसल्या क्लिपा इकडं मिळत नाहीत. तो आवाज आम्हा तिघांच्या कानात बसला. तेव्हापासून इंजिन उघडायचं म्हटलं की आम्ही श्वास धरतो, आणि दर वेळी एखादा किस्सा मागं राहतो. डब्यात सुटे स्क्रू साठावेत तसे साठलेत.

तिघं म्हणजे मी, इस्माईलभाई आणि शिवलिंगप्पा. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होतो, इस्माईलभाई ट्रकचे मेकॅनिक, शिवलिंगप्पा मूळचा मैंदर्गीचा, कापडवाला. जुळे सोलापुरात त्याच्या गच्चीवर, पत्र्याखाली, आमचे रूळ मांडलेत. दर रविवारी जमतो.

*

एका नव्या इंजिनाची बॉडी निघेना. इस्माईलभाईंनी ते उलटं केलं आणि दिसेल तो स्क्रू काढला. चाकं निघाली, गिअर निघाले, मोटार ताटलीत पडली. बॉडी होती तिथंच.

शिवलिंगप्पा म्हणाला, "बॉडी सोडून सगळं निघालं की!"

*

बॉडीच्या कडेनं जाड कागदाच्या पट्ट्या सारल्या की क्लिपा सुटतात. त्याला लग्नपत्रिका उत्तम. एकदा घाईत नवी आलेली पत्रिकाच कापली गेली. तारीख डाव्या बाजूनं आत गेली, कार्यालय उजव्या बाजूनं. आम्ही अंदाजानं निघालो. पोचलो तेव्हा मांडव सोडत होते.

*

पट्टीच्या आधी नख शिरावं लागतं. म्हणून अंगठ्याचं नख आम्ही कापत नाही. इस्माईलभाईंच्या नातीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आम्हीही होतो. तिघांची नखं पाहून एकानं अदबीनं विचारलं, "आपण सतार वाजवता का?"

"नाही जी," इस्माईलभाई म्हणाले, "इंजिनं सोलतो."

लग्न जमलं.

*

शिवलिंगप्पाची बायको, महादेवी वहिनी, रविवारी न्हाऊन गच्चीवर यायच्या आणि रुळांशेजारी केस वाळवत बसायच्या. मेंदी लावलेले लांब केस. निळं इंजिन त्यांनीच पसंत करून आणलेलं. ते जवळ आलं की शिवलिंगप्पा ओरडायचा, "केस गुततील गाडीत. तिकडं बस की जरा."

वहिनी म्हणायच्या, "गाडीलाच सांगा की, तिकडनं जा म्हणून."

*

वहिनी गेल्या वर्षी गेल्या. ते निळं इंजिन त्या असतानाच अडखळायला लागलं होतं, पुढं बंदच पडलं. शिवलिंगप्पा कुणाला हात लावू देईना. "क्लिप तुटली तर? तिनं आणलेलं हाय ते," एवढंच म्हणायचा. इंजिन फडताळात राहिलं.

परवाच्या रविवारी त्यानं ते आपणहून इस्माईलभाईंसमोर ठेवलं. इस्माईलभाईंनी हात धुतले, बिस्मिल्ला म्हणून नख घातलं. मी पट्ट्या सारल्या. बॉडी अलगद वर आली. आवाज झाला नाही.

चाकांच्या दांड्याला एक लांब केस गुंडाळलेला होता. मुळाशी पांढरा, पुढं सगळा तांबूस.

इस्माईलभाईंनी चिमटा उचलला. शिवलिंगप्पानं त्यांचा हात धरून खाली ठेवला. मग स्वतःच्या बोटांनी एकेक वेढा सोडवत गेला. न तोडता. आम्ही दुसरीकडं बघत होतो.

मी बॉडी बसवली, इंजिन रुळावर ठेवलं. ते धावायला लागलं, पूर्वी धावायचं तसं.

शिवलिंगप्पानं त्याच्याकडं पाहिलं नाही. केस बोटाला गुंडाळून तो जिना उतरून गेला.