मिठाच्या बरणीवरची चिठ्ठी

आज सकाळी चहाला दूध काढायला गेले, तर फ्रिजवरची चिठ्ठी गायब. तिच्या जागी नुसता गोंदाचा चौकोन उरला होता.

माझ्याकडे खोली घेऊन राहणारी केतकी कोरियन शिकते. आली त्याच आठवड्यात तिनं घरभर कोरियन शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या. आरशावर, घड्याळावर, पार मिठाच्या बरणीवरसुद्धा. मी वैतागले होते. घर आहे की बालवाडी? शब्द पक्का झाला की चिठ्ठी काढायची, हा नियम तिचा तिनंच केलेला. सगळ्या निघाल्या की परीक्षा, आणि मग शिकायला कोरियाला.

पोर हुशार आहे. आरसा चार दिवसांत सुटला, खिडकी त्याच्या मागोमाग. घर पुन्हा पहिल्यासारखं होत चाललंय आणि मला ते बोडकं वाटायला लागलंय. माझी दोन्ही मुलं याच टेबलाशी बसून शिकली. शिकणारं माणूस बहुधा जाण्याचीच तयारी करत असतं. आपण शाबास शाबास म्हणत राहतो, आणि एक दिवस म्हणायला समोर कुणी उरत नाही.

संध्याकाळी केर भरताना मिठाची चिठ्ठी सापडली. पुसून घेतली, पण चिकटेना. मग भाताचं शीत लावलं आणि बरणीवर पुन्हा डकवली.

जेवताना केतकीचं लक्ष गेलं. "अहो काकू, हा शब्द येतो मला आता."

"तुला येतो गं," मी म्हटलं. "माझा कुठे पाठ झालाय अजून?"